कोल्हापूर जिल्ह्यात आरोग्य संशोधनाची फिल्ड टीम कशी उभी करायची

सर्वेक्षणासाठी माणसं घेताना डिग्रीच्या आधी मी दोन प्रश्न विचारते. सीबीएसवरून, म्हणजे कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून, सकाळची पहिली चंदगड गाडी पकडायला जमेल का? आणि परतीची गाडी चुकली तर गावात कुणाकडं राहशील? पहिल्याला सगळेच 'हो' म्हणतात. दुसऱ्यावर जी पोरगी म्हणते, "कुणाकडं म्हणजे? शेवटचा फॉर्म ज्यांच्यात भरला त्यांच्याकडं," तिला मी घेते.

मी कागल तालुक्यातली. एका सार्वजनिक आरोग्य संशोधन केंद्राचं फिल्डचं काम बरीच वर्षं बघते. माणसं निवडायची, शिकवायची आणि मग त्यांच्या मागोमाग गावं हिंडायची. हल्ली एखादं कॉलेज, एखादा ट्रस्ट विचारायला येतो की आम्हालाही लोकांमध्ये राहून संशोधन करणारं केंद्र काढायचंय, सुरुवात कुठून करू? त्यांच्याकडं जागा असते, मशिनं असतात, पुण्या-मुंबईचे सल्लागार असतात. फिल्डची माणसं मात्र 'नंतर जाहिरात देऊन घेऊ' या खात्यात टाकलेली असतात. माझं म्हणणं उलट आहे. अहवालातला प्रत्येक आकडा कुणाच्या तरी सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत बसून, कुणाला तरी विचारून आलेला असतो. तो विचारणारा माणूस कच्चा असला तर पुढं कितीही मोठा संख्याशास्त्रज्ञ बसवा, काही दुरुस्त होत नाही.

कुणाला घ्यायचं

बारावी झालेली, सासर-माहेर दोन्ही याच जिल्ह्यातलं असलेली, गाडी चालवता येणारी बाई मिळाली तर एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी झालेल्या शहरी मुलाच्या आधी तिला घ्या. हे माझं स्पष्ट मत आहे आणि त्यावर केंद्रातल्या साहेबांशी माझे वाद झालेत. ही कल्पना काही माझी नव्हे. जामखेडला आरोळे दांपत्यानं १९७० पासून गावातल्या, बहुतेक निरक्षर बायकांना शिकवून आरोग्याचं काम उभं केलं. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गावातल्याच बायकांना घरी जाऊन नवजात बाळ तपासायला, इंजेक्शन द्यायला शिकवलं, आणि त्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. माणूस गावचा म्हणून संशोधन हलकं होत नाही.

पण एक पथ्य पाळा. ज्या गल्लीत बाई राहते त्या गल्लीत तिला पाठवू नका. पोट किती वेळा पडलं, घरात टीबी कुणाला होता, नवरा पितो का, हे शेजारणीला कोण सांगणार? दोन-तीन गावं सोडून पलीकडचं गाव द्यायचं. बोली तीच, ओळख नाही, हे अंतर बरोबर बसतं.

बोलीवरून तालुके वाटा. चंदगडची बोली कोकणीकडं झुकते, तिथं करवीरचा मुलगा अर्धं बोलणं ऐकूनच घेत नाही. गडहिंग्लज आणि शिरोळच्या सीमेकडच्या गावांत कानडी समजणारं कुणीतरी लागतं. इचलकरंजीत यंत्रमागावर काम करणारी बरीच कुटुंबं बाहेरून आलेली, तिथं हिंदी बरं हवं.

आशाताईंना सर्व्हेअर करायचा मोह सगळ्यांना होतो, कारण त्यांना प्रत्येक उंबरा ठाऊक असतो. करू नका. एक तर साधारण हजार लोकसंख्येमागं एक आशा, तिच्या मागं आधीच रजिस्टरांचा ढीग. दुसरं म्हणजे संडास वापरता का, बाळंतपण कुठं झालं, गोळ्या घेता का, या प्रश्नांना लोक आशाताईंना जे ऐकायला आवडेल तेच उत्तर देतात. तिला वाट दाखवायला सोबत घ्या, त्या दिवसाचं मानधन रोख द्या, आणि प्रश्न सुरू झाले की तिला बाहेर ओट्यावर बसवा. मानधन द्यायला विसरणारी केंद्रं मी पाहिलीत. दुसऱ्या फेरीला त्या गावात सगळी दारं बंद मिळतात.

आणि ड्रायव्हर. बजेटमध्ये त्याचा रकाना सगळ्यात शेवटी असतो, पण रक्ताचे नमुने थंड पेटीत घालून वेळेत लॅबला पोचवायचे त्याच्या हातात असतं. पावसाळ्यात राजाराम बंधारा पाण्याखाली गेला, पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं निघाली, की कुठला रस्ता आधी बंद होणार हे तोच सांगतो. ४३ फुटांची धोका पातळी येईपर्यंत वाट बघणारा ड्रायव्हर आपल्याला नको.

गावात पाय ठेवण्याआधी

एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनात लोकांवर अन्याय होत नाही ना हे बघणाऱ्या समितीची मंजुरी लागते हे सगळ्यांना माहीत असतं, कागदपत्रांत ती जमतेही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे या कमिटीत सात ते पंधरा जण असतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो, आणि एक सामान्य नागरिक लागतो. या सामान्य नागरिकाच्या खुर्चीवर बहुतेक ठिकाणी कुणाचा तरी ओळखीचा निवृत्त प्राध्यापक बसलेला असतो. तिथं खरंच एखादी दूध संस्थेत हिशेब बघणारी बाई किंवा निवृत्त एसटी कंडक्टर बसवा. संमतीपत्रातलं 'सदर अभ्यासात स्वेच्छेने सहभागी होण्यास माझी हरकत नाही' हे वाक्य वाचून तो विचारेल, "म्हणजे नेमकं काय करणार माझं?" मग तुम्हाला लिहावं लागेल: बोटाला टोचून थेंबभर रक्त काढू, तासभर प्रश्न विचारू, मधेच उठून गेलात तरी दवाखान्यात तुमचं काही अडणार नाही. संमतीपत्र असंच लागतं.

ज्याला वाचता येत नाही त्याला ते वाचून दाखवायचं, अंगठा घ्यायचा आणि आपल्या टीममधला नसलेला, वाचता येणारा साक्षीदार ठेवायचा. संमती प्रत्येकाची वेगळी. सासूबाई म्हणाल्या, "घे की गं तिचं बी रक्त, काय हुतंय," तर ती सुनेची संमती नव्हे. सून मान खाली घालून गप्प असेल तर तिच्या वाटणीचा फॉर्म त्या दिवशी कोरा ठेवून या.

परवानग्यांचा क्रम असा ठेवा. आधी जिल्हा परिषदेत जिल्हा आरोग्य अधिकारी, मग प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर, मग सरपंच, आणि जमलं तर ग्रामसभेत पाच मिनिटं. ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर असेल तर गाव पुढं ढकला. आपल्याकडं एका गटाच्या माणसाबरोबर तुम्ही चहा पिताना दिसलात की दुसऱ्या गटाची घरं गेली म्हणून समजा. कोल्हापूर शहरात पेठांमधून काम असेल तर वाट तालमीतून आणि तरुण मंडळातून जाते. फुटबॉलचा हंगाम चालू असेल तर मॅचच्या दिवशी संध्याकाळी कुणी भेटेल ही आशा सोडा.

कधी जायचं

हंगाम बघून जायचं. सकाळी नऊनंतर बायका रानात असतात, आणि त्याआधी धारा, डबे, पोरांची शाळा. दूध घालायच्या वेळेला संस्थेच्या दारात उभं राहिलात तर अर्धं गाव एका जागी भेटतं. तिथं फॉर्म भरायचा नाही, फक्त 'उद्या दुपारी येऊ का' एवढं विचारायचं. जुलैत आजरा-चंदगडकडं भाताची रोपलावण, तेव्हा कुणी मान वर करत नाही. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीचे धनगरवाडे पावसाळ्यात तुटतात, ते मार्चच्या आत उरकून घ्या. इचलकरंजीत शिफ्ट बदलायच्या वेळी जा, दिवसा मोकळा दिसणारा माणूस रात्रपाळी करून झोपायच्या तयारीत असतो.

आहाराचा अभ्यास असेल तर गावच्या जत्रेचं कॅलेंडर जवळ हवं. काल दिवसभर काय खाल्लं हे जत्रेच्या दुसऱ्या दिवशी विचारलं तर गावात घरोघरी रोज मटण शिजतं असा निष्कर्ष निघेल.

महापुरानंतरची गोष्ट वेगळी. २०१९ आणि २०२१ ला शिरोळ तालुक्यात आणि करवीरच्या चिखली-आंबेवाडीकडं लोक घरातला गाळ उपसत होते आणि बाहेर कुठल्या कुठल्या संस्थांची माणसं फॉर्म घेऊन उभी होती. तेव्हा फक्त तेवढंच विचारायचं ज्याचा त्याच आठवड्यात उपयोग आहे: ताप कुणाला, जुलाब कुणाला, पाणी कुठलं पिताय, लेप्टोच्या (पुराच्या पाण्यातून होणाऱ्या तापाच्या) गोळ्या मिळाल्या का. मानसिक आरोग्याची साठ प्रश्नांची प्रश्नावली दोन महिने थांबू शकते.

ऊसतोडीचं मात्र आवर्जून सांगते. दिवाळीच्या आसपास कारखाने सुरू झाले की बीडकडून टोळ्या येतात, मार्चपर्यंत फडाच्या कडेला खोपी घालून राहतात. ही घरं ग्रामपंचायतीच्या यादीत नसतात, मतदार यादीत नसतात, म्हणून आपल्या नमुन्यातही येत नाहीत. त्या चार-पाच महिन्यांत तिथं बाळंतपणं होतात, पोरं आजारी पडतात. ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला, पण इकडच्या फडावर त्या बायकांची तब्येत कशी असते हे विचारायला त्या खोपीपर्यंत कुणीतरी जावं लागतं. तिथं जायचं तर मुकादमाला, म्हणजे टोळी घेऊन येणाऱ्या माणसाला भेटल्याशिवाय गत्यंतर नाही. पण मुकादम शेजारी उभा असताना घेतलेली संमती खरी नसते, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली बाई त्याच्यासमोर 'नको' म्हणणार नाही. त्याला आमचा एक माणूस गप्पांत गुंतवतो आणि बाई बाईशी बोलते. यासाठी वेगळा माणूस ठेवावा लागतो, बजेटमध्ये तो धरा.

घर कुठलं आणि घरातलं कोण

कुठल्या घरी जायचं हे आधीच लॉटरी काढून ठरलेलं असतं, आणि लॉटरीत आलेलं घर बंद असेल तर शेजारचं घ्यायचं नाही. वेगवेगळ्या वेळी तीनदा जायचं, तरी बंद असेल तर 'बंद' लिहायचं. नवीन पोरांना हे पटत नाही. शेजारी दार उघडं, मावशी हाक मारतात, तिथं पटकन फॉर्म होतो. पण दिवसा ज्यांचं दार उघडं असतं त्यांचीच माहिती गोळा केली की तुमच्या अभ्यासात म्हातारी माणसं जास्त येणार आणि एमआयडीसीत जाणारी, रोजगाराला जाणारी गळणार. घरातही तेच. समोर जो भेटला तो नाही, तर टॅब ज्याचं नाव काढेल तो. गावाच्या टोकाची वस्ती, धनगरवाडा, मळ्यातली एकटी घरं यांचे नंबर आले की पोरं कुरकुरतात. त्या दिवशी मी स्वतः बरोबर जाते.

सोप्यात बसल्यावर

पहिली अडचण चहाची. कोल्हापुरात घरात माणूस आला की चहा टाकला जातो, नको म्हटलं तर राग येतो. आणि नियम सांगतो की चहा, तंबाखू किंवा कष्टाचं काम यानंतर अर्धा तास बीपी घ्यायचं नाही. तुम्हाला दिलेल्या चहाबरोबर घरचेही घोटभर घेतातच. त्यामुळं आत शिरतानाच म्हणायचं, "मावशी, च्या घेणार, पण मोजून झाल्यावर." मग पाच मिनिटं त्यांना शांत बसवायचं. पाठीला टेकू, पाय जमिनीवर, मांडी घातलेली नको, हात छातीच्या उंचीला टेकवलेला, आणि मोजताना बोलणं बंद. मांडी घालून बसायची सवय असलेल्या घरात खुर्ची शेजारून मागून आणावी लागते, आणावी. पट्टा उघड्या दंडावर लावायचा. ब्लाउजची बाही घट्ट असेल तर ती वर ढकलून दंड आवळू नका, आतल्या खोलीत बाईमाणसानं व्यवस्था करायची. तीन वेळा मोजायचं, सरासरी शेवटच्या दोनची धरायची. तालमीतला पैलवान समोर असेल तर मोठा पट्टा काढा. भरलेल्या दंडावर नेहमीचा पट्टा लावला की बीपी आहे त्याहून जास्त दिसतं आणि धडधाकट गडी दिवसभर काळजीत पडतो.

हिमोग्लोबिनला पहिला थेंब पुसून टाकायचा, बोट पिळायचं नाही. शेतात राबणाऱ्या हाताची कातडी जाड असते, आधी कोमट पाण्यात हात बुडवायला सांगा, रक्त सहज येतं.

प्रश्नांचं शिकवणं मशिनपेक्षा अवघड. मुंबईत तयार झालेल्या प्रश्नावलीत असतं, 'तुम्ही तंबाखूजन्य पदार्थांचे सेवन करता का?' इथली म्हातारी लगेच म्हणते, "छ्या, मी कुठं तंबाखू खातो!" आणि कोनाड्यात मशेरीची डबी दिसत असते. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, पण तिच्या लेखी ते दात घासायचं आहे. म्हणून आम्ही वेगळा प्रश्न घालून घेतला: दात कशानं घासता, दिवसातनं किती वेळा? "चार-पाच डाव लावतो की. त्याबिगर डोस्कं चालत न्हाई." आता खरी नोंद झाली. अशा जागा शोधायला प्रश्नावली छापायच्या आधी फिल्डच्या बायकांना वाचायला द्या आणि त्यांनी खोडलेलं मुकाट्यानं मान्य करा.

वयासाठी घटनांचा तक्ता जवळ ठेवा. साठीपुढच्या माणसांचं जन्मसाल शाळेत लावलेलं असतं, आणि आधार कार्डावर १ जानेवारी किंवा १ जून. "कोयनेचा भूकंप झाला तवा केवढ्या होता?" असं विचारलं की उत्तर येतं, "परकर नेसत हुतो." ११ डिसेंबर १९६७ ची ती पहाट जुन्या माणसांना पक्की आठवते. ७२ चा दुष्काळ, ८४ ला इंदिराबाई गेल्या ते, ९३ चा किल्लारीचा भूकंप. लग्न त्याआधी की नंतर, थोरला तेव्हा पोटात की पाळण्यात, असं जोडत जायचं. मागाहून फॉर्म बघताना सगळ्यांची वयं ५०, ५५, ६० अशी दिसली तर ओळखा, सर्व्हेअरनं तक्ता पिशवीतून काढलेलाच नाही.

घरात मृत्यू झाला असेल आणि कारण शोधायचं असेल, तर त्याची प्रश्नावली वेगळी असते. घरच्यांकडून शेवटच्या आजाराची लक्षणं ऐकायची, लिहायची, आणि डॉक्टर नंतर त्यावरून कारण ठरवतात. ही मुलाखत सगळ्यांना जमत नाही. दिवसकार्य होईपर्यंत त्या घराकडं फिरकायचं नाही, आम्ही तर काही महिने जाऊ देतो. आत गेल्यावर टॅब उघडायची घाई करायची नाही. फोटोकडं बघून "आण्णांचं काय वय होतं?" असं विचारलं की आई किंवा बायको आपणहून सांगायला लागते: ताप कधी आला, कुठल्या दवाखान्यात नेलं, वाटेत काय झालं. ते सगळं ऐकून घ्यायचं, मग राहिलेले प्रश्न. "वेळेत का नेलं नाही?" हा प्रश्न तोंडातून गेला तर त्या माणसाला मी या कामावरून काढते, दुसरी संधी देत नाही. तान्ह्या बाळाच्या मृत्यूची मुलाखत दिवसाला एकच ठेवा, आणि तशा दिवशी सर्व्हेअरला दुसरं घर देऊ नका. संध्याकाळी तिच्याशी फोनवर बोला, फॉर्मबद्दल नव्हे. आमची एक मुलगी स्वतः बाळंतपणाच्या रजेवरून आलेली होती, तिला वर्षभर या कामापासून दूर ठेवलं. नियमात असं कुठं लिहिलेलं नाही, आपणच बघायचं असतं.

तपासणी

काही घरांत न सांगता पुन्हा जा आणि चार-पाच प्रश्न परत विचारा. टॅबवर मुलाखत किती मिनिटांत संपली ते दिसतं. चाळीस मिनिटांचा फॉर्म नऊ मिनिटांत भरला असेल तर ओरडायच्या आधी विचारा का. पुष्कळदा कारण हे निघतं की तुम्ही दिवसाला जितकी घरं लावलीत तितकी होणं शक्यच नव्हतं. खोटे फॉर्म बहुधा ऑफिसातल्या टार्गेटमुळं जन्मतात. आकडे बघणाऱ्या शहरातल्या मुलांनाही महिन्यातून एक दिवस फिल्डवर काढा. एकदा धनगरवाड्याची चढण चढून आला की 'या क्लस्टरची (वस्ती-गटाची) माहिती उशिरा का आली' असा मेल तो पुन्हा पाठवत नाही.

परत काय द्यायचं

बीपी १८०/११० च्या वर आलं, गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ७ च्या खाली निघालं, तर अहवालाची वाट बघायची नाही. त्याच दिवशी चिठ्ठी, आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना फोन, गरज असेल तर सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात पाठवायची गाडी. ही सोय आधी ठरली नसेल तर मोजायलाच जाऊ नका. नुसतं मोजून निघून जाणाऱ्यांना इथं लोक विचारतात, "नेलेल्या रक्ताचं काय झालं वो?" आणि त्यांना तो हक्क आहे. इचलकरंजीत २०१२ साली काविळीची मोठी साथ आली होती, पाण्यातून पसरणारी हिपॅटायटिस ई. आजही तिथं पाण्याचा नमुना घेतला की बाया रिपोर्ट मागतात.

निष्कर्ष आले की दोन पानांत साध्या मराठीत लिहा आणि ग्रामसभेत वाचा. वाचायला डॉक्टर नको, ज्या पोरीनं त्या गावात फॉर्म भरले तिला उभं करा. लोक तिला उलटे प्रश्न विचारतील, काही निष्कर्ष खोडूनही काढतील, ते लिहून घ्या. गावाचं नाव घेऊन 'इथं दारू जास्त' असलं काही छापू नका, पुढच्या वर्षी पोरींची स्थळं मोडतात.

पेपर छापून येईल तेव्हा सर्व्हेअरांची नावं आभारात तरी यावीत, याचं सुरुवातीलाच लेखी घ्या. प्रकल्प संपल्यावर त्यांना अनुभवाचा दाखला लागतो, पुढची नोकरी त्यावर मिळते. शेवटच्या महिन्याचा पगार आणि प्रवासाची बिलं केंद्राचा पैसा संपायच्या आत काढून ठेवा. आणि मराठी अहवालाच्या तीन प्रती गावात: एक ग्रामपंचायतीत, एक आरोग्य केंद्रात, एक आशाताईंच्या घरी. वाचायला मिळते ती बहुतेक तिसरीच.